धाडची बस आणि सोजराबाईची बोंडं

माझी थोरली बहीण जयमाला आमच्या गावच्या शाळेत पोषण आहार शिजवते. एकशे चाळीस पोरांची खिचडी, रोजची. मीठ हाताने टाकते, चाखून बघत नाही, आणि बावीस वर्षांत ती कधी खारट झाली किंवा अळणी लागली असं कोणी म्हटलेलं नाही. तपासणीला आलेले साहेब दुसऱ्यांदा ताटली पुढे करतात, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. पण हीच बाई कोहळ्याच्या बोंडांपुढे चौदा वर्षं हात टेकून बसली होती. त्या चौदा वर्षांत फसलेलं प्रत्येक बोंड मी खाल्लं आहे. धाकट्या भावाला नाही म्हणायची सोय नसते.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. लाल भोपळ्याला आम्ही कोहळं म्हणतो. त्याचा कीस गुळात शिजवायचा, निवला की गव्हाचं जाडं पीठ घालून भिजवून ठेवायचं आणि मग हाताने तेलात सोडायचं. पुण्याकडचा कोणी असला की हमखास म्हणतो, "अच्छा, म्हणजे घारगे!" मी वाद घालत नाही. पण त्या माणसाला दुसऱ्यांदा बोंडं वाढू नयेत असं माझं मत आहे. घारगा चपटा असतो आणि बोंड गोल, आणि आमच्या आजीचं बोंड फोडलं की आत बारीक जाळी दिसायची.

आजी म्हणजे सोजराबाई, आमच्या वडिलांची आई. बुलढाण्याहून धाडला जाणारा रस्ता आमच्या गावातून जातो आणि आजीच्या चुलीसमोरची खिडकी थेट त्या रस्त्यावर उघडायची. तिथून धाड, म्हणजे आमचं बाजाराचं गाव, पाच किलोमीटर. दर तीन वर्षांनी धोंड्याचा महिना आला की लोक जावयाला बोलावून तेहतीस अनारसे नाहीतर बत्तासे वाण म्हणून देतात, कारण वाणाला जाळीदार पदार्थ लागतो. आमच्या घरी मात्र तेहतीस बोंडं. आजीने पाचही जावई असे वाटेला लावले. थोरल्या आत्याचे यजमान तर ताटातली बोंडं मोजून घ्यायचे आणि बत्तीस भरली असं खोटंच सांगून एक जास्तीचं मागायचे.

जयाताई आठवीत असताना आजीने तिला कृती सांगितली आणि ताईने ती गणिताच्या वहीच्या मागच्या पानावर जशीच्या तशी उतरवून घेतली. ते पान, आमची 'आजीची चिठ्ठी', अजून आहे. माझं बुलढाण्याला झेरॉक्सचं दुकान असल्यामुळे त्याच्या वीसेक प्रती आहेत आणि एक लॅमिनेशन केलेली. त्यात लिहिलंय:

"कोहळं किसून घे. गूळ घालून मंद जाळावर आटव. पार थंड होऊ दे. जाडं पीठ घाल, पळीभर आंबट ताक घाल, चिमूटभर मीठ. बस धाडले गेली का भिजव, माघारी आली का तळ. सोडा टाकू नको. सोडा कपड्याले."

आजीकडे घड्याळ नव्हतं. साडेदहाची बस गावातून धाडकडे गेली की ती पीठ भिजवायची आणि तीच बस उलटी येऊन भोंगा वाजला की कढई ठेवायची. आम्ही पोरं तोवर उंबऱ्यात बसून असायचो. ती वाट फार लांब वाटायची, पण लहानपणी बोंडांची वाट कोणाला लांब वाटत नाही?

आजीच्या शेवटच्या पाच-सहा वर्षांत मात्र बोंडं बिघडली. आतून गच्च, चिवट, जाळीचं नाव नाही. आम्ही तोंडावर काही बोलत नव्हतो, पण एका सुनेने बोंड चहात बुडवलं, ते आजीने पाहिलं. त्यानंतर तिने कढई टांगून ठेवली. "हात गेला आता माझा," एवढंच म्हणाली. घरातल्या सगळ्यांनी ते मान्य करून टाकलं, म्हातारपण म्हणून. मीही केलं. पुढे ती गेली, आणि बोंडं तिच्याबरोबर गेली असं आम्ही धरून चाललो.

जयाताईने धरलं नाही. तिला गावातल्या गावात दिलेली. माहेरहून रुसून निघाली तर दोनशे पावलांत सासर. बसचा भोंगा तिच्याही घरी ऐकू येतो. तिने आजीची चिठ्ठी काढली आणि अक्षराला अक्षर धरून बोंडं केली. साडेदहाला बस गेली, पीठ भिजवलं. बस माघारी आली, कढई ठेवली. मी पहिलं बोंड तोंडात घातलं आणि दाढ धरून बसलो.

"काय झालं रे देवा?" ताईने विचारलं. देवा म्हणजे मी, देवानंद.

"काही नाही. चांगलं आहे. गुळाचा खडा राह्यला वाटते."

"गूळ किसून टाकला होता मी," ताई म्हणाली आणि माझ्या हातातलं उरलेलं बोंड घेऊन भिंतीवर टाकलं. भिंतीचा पोपडा निघाला.

मग चौकशी सुरू झाली. आधी गिरणीवाल्यावर आळ आला, तो जाडं दळत नाही म्हणून. मग गुळावर. मग गॅसवर, म्हणून एकदा अंगणात चूल मांडून झालं. कोहळं बदललं, ताक बदललं, कढई तर आजीचीच मागून आणली. एकदा, फक्त एकदा, तिने चोरून चिमूटभर सोडा टाकला. बोंडं फुगली, पण तेल पिऊन काळी पडली आणि जिभेला साबण लागला. ती म्हशीने खाल्ली. ताईने आजीच्या फोटोपुढे उदबत्ती लावून माफी मागितली आणि दोन दिवस माझ्याशी बोलली नाही, जणू सोडा मीच आणून दिला होता.

एका गोष्टीवर मात्र कोणाचा संशय गेला नाही, ती म्हणजे बस. तरी मी स्टँडवर जाऊन पाटी बघून आलो होतो. धाडला जायला साडेदहा, आमच्या गावी माघारी अकरा दहा. माझ्या लहानपणीही हीच वेळ होती. चाळीस मिनिटं तेव्हा, चाळीस मिनिटं आता. बस काही बिघडली नव्हती, तेव्हा बिघडला होता तो हात. गावातल्या बायाही तेच म्हणायच्या, सोजराबाईचा हात तो सोजराबाईचा हात. ताई ऐकून घ्यायची आणि दुसऱ्या दिवशी खिचडी उगाच चार वेळा जास्त ढवळायची.

यंदा ज्येष्ठ अधिक आला आणि ताईच्या सुचिताचं पहिलं धोंडं आलं. सुचिता माझी भाची, लग्न होऊन पुण्याला गेली. जावई हर्षल गुणी मुलगा आहे, फार बोलत नाही, पण त्याची आई वच्छलाबाई मेहकरची, स्वयंपाकात पक्की आणि बोलण्यात त्याहून पक्की. सुचिताने सासरी पणजीच्या बोंडांचं असं काही वर्णन करून ठेवलं होतं की वच्छलाबाईंनी विहिणीला फोनच केला. "ईनबाई, जवायासोबत मीही येऊन राह्यली. तुमचे बोंडं पाह्यचेत मले."

ताईने फोन ठेवला आणि मला लावला. "देवा, या बारीले जमलं नाही तर मी बुलढाण्याहून मिठाईचे डबे आणीन आणि मायची चिठ्ठी देवात ठेवून देईन. पुन्हा हात लावणार नाही." आजीला ताई माय म्हणायची. आवाज असा होता की मी थट्टा केली नाही. तिला जावयापुढची फजिती नको होतीच, पण त्याहून तिला हे नको होतं की सुचिताच्या घरी बोंडं म्हणजे एक ऐकीव गोष्ट होऊन राहावी. "तू दुकानात बसते नं? येणाऱ्या-जाणाऱ्या म्हाताऱ्या माणसाले विचार, काय राहून गेलं म्हणून."

मी विचारलं. लॅमिनेशनची प्रत काउंटरच्या काचेवर चिकटवली. आधार कार्डाची झेरॉक्स काढायला आलेला माणूस माझ्याकडून सल्ला घेतो का? नाही. पण सल्ला देऊन मात्र सगळे गेले. सुंठ घाल, रवा घाल, केळं कुस्कर, दूध वापर, तेलाऐवजी तूप घे. एका गृहस्थांनी तर बोंडं सोडून मुगाचे लाडू करा असं सांगितलं. मी त्यांची झेरॉक्स मुद्दाम जरा फिकट काढली.

धोंड्याला चार दिवस उरले असताना शकीलचाचा आले. निवृत्त बस ड्रायव्हर, सत्तरी ओलांडलेली, दरवर्षी पेन्शनचे कागद माझ्याकडेच आणतात. इतक्या वर्षांत आमच्यात साखर किती आणि गुडघे किती याच्यापलीकडे बोलणं झालं नव्हतं. त्यांनी चष्मा वर केला, काचेवरची चिठ्ठी वाचली, आणि 'बस धाडले गेली का भिजव' इथे आल्यावर हसू लागले. हसता हसता त्यांना स्टूल द्यावं लागलं.

"अरे देवानंद, तू सोजरामायचा नातू? खिडकीवाली सोजरामाय?"

"हो."

"ये बस तो मैं चलाता था, बेटा! सोळा साल."

मी झेरॉक्सचं मशीन बंद केलं.

चाचांनी सांगितलं ते असं. या रस्त्यावर ते नवीन असताना, बाजाराच्या दिवशी आमच्या गावातून जाताना खिडकीतून गुळाचा वास आला. माघारी येताना त्यांनी भोंगा वाजवला तर आजी धावत कढई ठेवायला गेली, आणि बस उभी राहिली म्हणून घाईघाईने चार बोंडं तळून, कागदात बांधून ड्रायव्हरच्या खिडकीतून दिली. "दात हालला बेटा माझा. दगड! पण ते म्हातारी एवढ्या मायेनं देऊन राह्यली, फेकू कसा? कंडक्टर म्हणे, उस्ताद, पह्यलेचा ड्रायव्हर धाडले बाजार करून निघे, आपन लवकर आलो, तिचं पीठ भिजलं नाही. माझ्या घरी भी भिजायले दीड घंटा लागते."

"मग?"

"मग काय. पुढच्या बाजारी गुळाचा वास आला का आम्ही धाडले जाऊन चहा प्यायले बसलो. बाजारच्या बायाईले तं तेच पाहिजे होतं, सौदा आरामात होते. दीड घंट्यानं माघारी आलो. भोंगा देला. अन् काय बोंडं होते बेटा! रुई. आत जाळी. तव्हापासून आमचा कायदाच झाला. वास आला का चहा."

"आणि आजीला हे माहीत होतं?"

"तिले काय माहीत! ती काय रोज बसकडे ध्यान देत होती? बोंडाच्या दिवशीच कान लावे. तिच्या हिशेबानं बस तेवढ्याच वेळात येत होती." चाचांनी डोळे पुसले. "मग माझी बदली झाली. नवा ड्रायव्हर टायमात चालवणारा."

कोणत्या साली, हे मी विचारलं. त्यांनी साल सांगितलं आणि मी बोटांवर हिशेब केला. आजीची बोंडं त्याच साली बिघडली होती.

मी दुकान बाराला बंद केलं आणि थेट ताईकडे गेलो. मला वाटलं, सापडलं एकदाचं म्हणून ती खूश होईल. ती स्वयंपाकघरातल्या पाटावर बसली.

"म्हणजे मायचा हात गेला नव्हता?"

"नव्हता."

"अन् आपण सगळ्याईनं तिले तसंच मरू देलं."

मग ती रडली, आणि मीही. आम्ही दोघं पन्नाशीच्या आसपासची माणसं एका बसच्या वेळापत्रकावरून रडत होतो. भाऊजी शेतातून आले, आम्हाला पाहिलं आणि काही न विचारता पुन्हा शेतात गेले.

डोळे पुसल्यावर मी म्हटलं, सोपं आहे, मोबाइलवर दीड तासाचा गजर लाव. ताईने माझ्याकडे असं पाहिलं की मी खिशातला मोबाइल आणखी खोल घातला. "मायनं बस सांगितली. मोबाइल नाही सांगितला." मी म्हटलं, बस चाळीस मिनिटांत येते गं बाई! ती म्हणाली, "येऊ दे." याच्यापुढे तिच्याशी बोलण्यात अर्थ नसतो.

धोंड्याच्या दिवशी घर भरलं होतं. पुरणाचं जेवण तयार, जावई नव्या कपड्यात घामाघूम, आणि वच्छलाबाई स्वयंपाकघराच्या दारातच खुर्ची टाकून बसलेल्या. चिठ्ठीचा फोटो सुचिताने त्यांना आधीच मोबाइलवर पाठवला होता. साडेदहाला बस धाडकडे गेली. ताईने पीठ भिजवलं, ताक घातलं आणि परातीवर ताट झाकलं.

अकरा दहाला भोंगा वाजला. ताईचा हात कढईकडे गेला. चौदा वर्षांची सवय होती ती. मग तिने तो हात मागे घेतला आणि पदरात गुंडाळला.

"ईनबाई," वच्छलाबाई म्हणाल्या, "बस आली नं तुमची?"

"ती नाही. दुसरी येऊन राह्यली."

"दुसरी कोणती? चिठ्ठीत तं एकच आहे."

"आहे एक," ताई म्हणाली, आणि माझ्याकडे अशी पाहू लागली की दुसरी बस मीच आणून उभी करणार आहे. मी दारात जाऊन रस्ता बघून आलो. सव्वाअकरा, साडेअकरा. सुचिता दर पाच मिनिटांनी परातीवरचं ताट उचलायला जायची आणि आई तिचा हात झटकायची. हर्षल भुकेने पाणी पीत होता. पावणेबाराला वच्छलाबाई म्हणाल्या, "मी सांगू का, थोडा सोडा..."

"सोडा कपड्याले," ताई आणि मी एकदमच बोललो.

बारा वाजले आणि रस्त्यावर भोंगा वाजला. बसचा नव्हे, धाडकडून येणारी एक काळी-पिवळी जीप दारापुढे थांबली होती आणि ड्रायव्हरच्या बाजूच्या सीटवर बसून शकीलचाचा स्वतः हात लांब करून भोंगा दाबत होते. अंगात इस्त्री केलेला खाकी शर्ट. सकाळच्या साडेदहाच्या बसनेच ते गावातून धाडला गेले होते, तिथे जुन्या हॉटेलात चहा पीत बसले होते आणि बरोबर दीड तासात इथे पोचायच्या हिशेबाने निघाले होते. धोंड्याचा दिवस बोलण्यात मीच त्यांना सांगितला होता, पण हा बेत त्यांनी मला एका अक्षराने सांगितला नव्हता.

"जयामाय," ते दारातून ओरडले, "धाडची गाडी माघारी आली वं!"

ताईने कढई ठेवली. पहिलं बोंड तेलात पडलं, बुडालं आणि हळूच वर येऊन स्वतःच उलटलं. बाहेर काढून ताईने ते फुंकर मारत फोडलं. आत जाळी होती. बारीक, एकसारखी, आजीची असायची तशीच. ताईने अर्धं बोंड आजीच्या फोटोपुढे ठेवलं. "माय, हात तुझाच होता वं," असं म्हणाली, आणि उरलेलं अर्धं चाचांच्या हातावर दिलं. त्यांनी ते तोंडात टाकलं आणि मान हलवत डोळे मिटून घेतले. मला इतकं बरं वाटत होतं की मी जावयाच्या वाणातलं एक उचललं, आणि बत्तीस भरली.

जेवताना वच्छलाबाईंनी पाच बोंडं खाल्ली. मग म्हणाल्या, "ईनबाई, आमच्या मेहकरले धाडची बस नाही. मी काय करू?"

"इथं येत जा," ताई म्हणाली. इतक्या वर्षांत तिला एवढं खुललेलं मी पाहिलं नव्हतं.

"अन् मी पुण्यात काय करू?" सुचिताने विचारलं. "गजर लावला तर आई बोलते."

चाचा हात धुऊन येत होते. "मले फोन कर बेटा. मी धाडले जाऊन बसतो."

सगळे हसले. मीही ती थट्टाच समजलो होतो. पुढच्या रविवारी सकाळी ते माझ्या दुकानात आले, स्टूल ओढलं आणि फोन कानाला लावला. पलीकडून सुचिता म्हणाली, "चाचा, भिजवलं." त्यांनी मला चहा सांगायला लावला आणि फोन चालूच ठेवून तो हळूहळू पीत बसले. मी म्हटलं, चाचा, फोन ठेवा, दीड तासाने पुन्हा लावता येतो.

"गाडीतला ड्रायव्हर उतरून घरी जाते का बे?" ते म्हणाले.

दीड तास ते हलले नाहीत. मधे त्यांनी सुचिताला धाडच्या बाजारात त्या दिवशी कोणकोण भेटायचं ते सांगितलं, वांग्यांचा भाव सांगितला, आणि एकदा तर कंडक्टरला हाक मारली. मग रिकामा ग्लास काउंटरवर ठेवला, तोंडाने मोठा भोंगा वाजवला आणि म्हणाले, "हां बेटा. आली बस. तळ आता."

फोनमधून तेलाचा चर्र आवाज आला. चाचांनी तो नीट ऐकून घेतला आणि मला दुसरा चहा सांगायला लावला.